मन्मथअप्पा आणि एक भंगार गाडी

मन्मथअप्पांच्या दुकानात पहिल्यांदाच गेलेल्या माणसाला वाटायचं, हा दुकानदार आपल्याला हाकलून देतोय.

"अप्पा, गूळ हाय का?"

"हाय, पण काळा हाय. चहा नासंल."

"आन् तूरडाळ?"

"किडकी. स्टँडाकडच्या दुकानात बघा, तिकडं चांगली आली म्हणत्यात."

गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की अप्पाच पोत्यात हात घालून मूठभर डाळ त्याच्या नाकासमोर धरायचे. काय डाळ! कीड सोडा, सालाचा तुकडा नाही. गिऱ्हाईक पाच किलो घेऊन जायचं आणि वर गावभर सांगायचं, असा खरा वाणी बघितला नाही.

घाटनांदुरात माझं झेरॉक्स, फोटो आणि फ्लेक्सचं दुकान अप्पांच्या बरोबर समोर होतं. मध्ये फक्त रस्ता. मी लातूरला बस्तान हलवलं त्याला आता काही वर्षं झाली, पण त्याआधी पंधरा वर्षं हा खेळ मी रोज पाहिला, तोही पहिल्या रांगेतून. सुरुवातीला मला ती धंद्याची युक्ती वाटायची. मग कळलं, युक्ती कसली, माणूस खरोखर घाबरतोय.

अप्पांचा सिद्धांत असा, की आपल्या वस्तूचं आपल्या तोंडानं कौतुक केलं की ती वस्तू टिकत नाही. दुसऱ्यानं केलं तरी धोका असतोच, पण तो काजळाच्या ठिपक्यानं निभावतो. म्हणून त्यांच्या वजनकाट्याला ठिपका, फ्रीजला ठिपका, मोटारसायकलच्या दिव्याला ठिपका. स्वतःच्या तोंडावर मात्र इलाज नाही. ते बंदच ठेवायचं, नाहीतर उलटं चालवायचं.

पुरावा म्हणून त्यांच्या शेतातला आंबा होता. म्हणजे नव्हता. लग्नानंतर एकदा सासरवाडीच्या पाहुण्यांपुढं फुशारून अप्पा बोलून गेले, असं झाड अख्ख्या तालुक्यात न्हाई. चौथ्या दिवशी त्यावर वीज पडली.

"अप्पा, झाड उंच होतं. वीज उंच झाडावरच पडते," मी एकदा शहाणपणा केला.

"उंच कवापासून होतं?"

"असेल तीस वर्षांपासून."

"मी बोललो कवा? सोमवारी. वीज पडली कवा? गुरुवारी. आता सांग."

मी गुपचूप चहा मागवला.

अशा माणसाला लग्नानंतर बारा वर्षांनी एकुलती एक मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, ओंजळीएवढी. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी डबा घेऊन गेलतो तेव्हाची गोष्ट. नर्स कौतुकानं म्हणाली, "गोड आहे हो मुलगी!" अप्पांनी तिच्यापुढं हातच जोडले. "बाई, पाया पडतो तुमच्या, असं म्हणू नका. माकडावाणी हाय, माकडावाणी." नर्स बघतच राहिली. मीही हसलो तेव्हा. पण त्या काचेवर टेकलेली अप्पांची बोटं मला अजून दिसतात.

मुलीचं नाव ठेवलं उमा. चारचौघांत तिला हाक मात्र "ए माकडा" हीच.

उमा आठवीत गेली त्या वर्षी अंबाजोगाईच्या एका कॉलेजानं शाळकरी मुलांसाठी शर्यत जाहीर केली. मुलांनी स्वतःच्या हातानं छोटी गाडी करायची. मोटर नाही, सेल नाही, धक्का द्यायचा नाही. उंच उतरत्या फळीवरून दोन गाड्या एकदम सोडायच्या, आधी पोचेल ती पुढच्या फेरीत. उमानं शाळेतून कागद आणला आणि त्या दिवसापासून अप्पांच्या घरातली शांतता गेली. सुताराकडून सागवानाचा तुकडा आला. चाकांचा आस झाला सायकलच्या स्पोकचा. चाकांसाठी उमाच्या आईच्या जुन्या लाटण्याच्या चकत्या कापल्या गेल्या. ते पुरलं नाही तेव्हा चालू लाटणंही गेलं आणि आठवडाभर त्या घरात पोळ्या बाटलीनं लाटल्या.

आता अप्पांची पंचाईत बघा. अभिमानानं छाती फुटायची वेळ आलेली आणि तोंडाला कुलूप! मग त्यांनी यातून जो मार्ग काढला, तो अप्पाच काढू जाणे. ते एकेकाला हाताला धरून आत न्यायचे.

"चल, तुला एक भंगार दाखवतो."

तलाठी जाऊन बघून आले. दूधवाला जाऊन आला. एक बियाणं विकणारा प्रतिनिधी परभणीहून आला होता, त्यालाही सोडलं नाही. आणि प्रत्येकापुढं नवी शिवी. "हे बघा, ठोकळा." "ह्याला गाडी म्हणत्यात आजकाल." ज्या दिवशी उमानं पुढची बाजू घासून माशासारखी निमुळती केली, त्या दिवशी अप्पा माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "दिलीप, असलं रद्दी काम मी जन्मात बघितलं न्हाई." म्हणताना डोळ्यांत पाणी होतं.

मी पडलो खोडकर. एकदा म्हणालो, "खरंच अप्पा, भंगारच आहे."

अप्पांचा चेहरा असा पडला, की मला माझीच लाज वाटली. "तसं अगदीच... काय न्हाई तसं," असं काहीतरी पुटपुटत रस्ता ओलांडून गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सगळ्यात गाजली ती पेन्सिलींची कथा. उमाला कुठूनसं कळलं होतं, की पेन्सिलीच्या शिशाची पूड आसाला लावली की चाक हलकं फिरतं. तेल लावलं तर धूळ चिकटते, ही पूड कोरडी. मग दुकानाच्या बरणीतल्या पेन्सिली फुटायला लागल्या. अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "बारा पेन्सिली मोडल्या बघा. आठवीत गेली, पण माकडाला टोक करता येत न्हाई अजून." मला खरं कारण माहीत होतं. पण अर्धी गोष्ट पूर्ण गोष्टीपेक्षा मजेदार असली, की मी अर्धीच सांगतो. हा माझा जुना रोग आहे आणि त्या वर्षी तो अंगाशी आला.

झालं असं. सिरसाळ्याचे एक बापूसाहेब माझे कायमचे गिऱ्हाईक. चाळीस एकर बागायत, पांढरे कपडे, प्रत्येक सणाला फ्लेक्स. खास माझ्याकडं यायचे, कारण फोटोतलं पोट मी फुकट कमी करून द्यायचो. त्यांचा मुलगाही त्याच शर्यतीत होता. शर्यतीला चार दिवस होते आणि बापूसाहेब 'प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन' असा दहा बाय आठचा फ्लेक्स करून घ्यायला आले.

"बापूसाहेब, अजून शर्यत व्हायचीय," मी म्हणालो.

"व्हईल की. आमच्या पोरासारखं डोकं जिल्ह्यात न्हाई."

आता मला सांगा, रस्त्याच्या त्या बाजूला एक बाप आणि या बाजूला असा बाप. माझी जीभ वळवळणार नाही तर काय? मी रंगवून सांगितलं, समोरचे अप्पा तर म्हणतात, त्यांच्या पोरीला पेन्सिलीला टोक करता येत नाही आणि निघालीय गाडी करायला! बापूसाहेब पोट धरून हसले. मीही हसलो. प्रिंट निघाली, ते गेले.

शर्यतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी अप्पा आणि उमाबरोबर अंबाजोगाईला गेलो. कॉलेजच्या सभागृहात स्टेजवरून खाली वीस फुटांची फळी उतरवली होती, मधोमध पट्टी, शेवटी अडवायला आडवं लाकूड. पोरं, मास्तर, पालक, सगळी गर्दी. उमाची गाडी रंग न दिलेली, नुसती तेलपाणी केलेली, पोटाला काजळाचा ठिपका. पहिल्या फेरीत ती गाडी सुटली आणि आवाजच झाला नाही. बाकीच्या खडखडत यायच्या, ही सुरीसारखी आली. दुसऱ्या फेरीतही तसंच. अप्पा भिंतीला टेकून उभे, कपाळावर घाम, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतायत, "चुकून आली बघा. भंगार हाय."

अंतिम फेरीत दोन गाड्या उरल्या. एक उमाची, दुसरी बापूसाहेबांच्या मुलाची, लालभडक.

आणि बापूसाहेब उठले.

"मॅडम, माझी तक्रार हाय. ही गाडी पोरीनं केलेली न्हाई. हिचा बाप गावभर सांगतो, हिला पेन्सिलीला टोक करता येत न्हाई. आन् हे काम बघा. ही चाकं बघा. ही मोठ्या माणसाची गाडी हाय."

परीक्षक भौतिकशास्त्राच्या मॅडम होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या, न हसणाऱ्या. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

बापूसाहेबांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "हे काय, हेच सांगत होते."

त्या क्षणी सभागृहाची जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बोलताना मध्येच शब्द विसरलेला माणूस बघतो तसं.

मॅडमनी उमाचा अर्ज काढला. त्यावर पालकाचं निवेदन होतं: 'ही गाडी माझ्या पाल्याने स्वतः बनवली आहे.' खाली सहीची जागा कोरी.

"इथे सही का नाही?"

मला कारण कळलं. ते वाक्य म्हणजे कौतुक होतं, तेही लेखी. अप्पा त्याखाली सही करणं शक्यच नव्हतं. पण मॅडमना कोण सांगणार?

त्यांनी उमाला प्रश्न विचारले. चाकं कशाची, वजन कुठं ठेवलं, पूड कशाला. उमानं पटापट उत्तरं दिली. मॅडम म्हणाल्या, "तुला सगळं माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं. वडील कुठे आहेत?"

अप्पा टेबलापाशी गेले.

"गाडी कुणी केली?"

"कसली गाडी मॅडम, भंगार हाय ते." सवयच ती! मागं हशा पिकला.

"भंगार कुणी केलं?"

अप्पांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, पोरीला बाहेर पाठवा. मग सांगतो."

"तिच्यासमोरच सांगा."

"तिच्यासमोर न्हाई सांगता येत."

लोकांनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. बापूसाहेबांनी मान डोलावली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि ते पेन उमाच्या नावाकडं गेलं. उमानं टेबलावरची गाडी उचलली आणि खोक्यात ठेवायला लागली.

"थांबा," अप्पा ओरडलेच. "थांबा जरा." त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक चाक काढून टेबलावर ठेवलं. लाटण्याचीच चकती, पण अंड्यासारखी वाकडी. "हे मी केलंय. ती शाळंत गेलती तवा, चोरून. म्हणलं, एक चाक आपल्या हातचं असू द्यावं. ती आली, चाकावरनं बोट फिरवलं आन् म्हणली, ह्याला कुणी हात लावला? सरळ कचऱ्यात टाकलं. मी उचलून ठेवलं."

मॅडमनी ते चाक टेबलावर फिरवलं. ते दोन उड्या मारून आडवं पडलं. बापूसाहेबही हसले.

"तुम्ही गाडी केली नाही, एवढं कळलं," मॅडम म्हणाल्या. "पण मग केली कुणी? सुतारानं?"

अप्पांनी डोळे मिटले. विजेच्या खांबाला हात लावायला निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"माझ्या पोरीनं केली." आणि मग, "लई चांगली केली."

बास! बांध फुटला. तेरा वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "अकरा चाकं टाकली मॅडम तिनं, तवा ही चार ठेवली. बोटं भाजली, पण तापलेल्या खिळ्यानं भोक पाडायचं सोडलं न्हाई. हिच्यासारखे हात मी बघितले न्हाईत. हिच्यासारखं डोकं आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाचं न्हवतं. ही काचेच्या पेटीत होती, एवढीशी, तवाच माझं बोट असं गच्च धरलं होतं..."

"पप्पा, बास," उमा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

पण पप्पा कसले थांबतायत! तिची अक्षरं, तिची पाठ झालेली गणितं, तिनं आजारपणात आईला करून दिलेली पेज, सगळं आलं. शेवटी बापूसाहेबच उठले आणि खाकरत म्हणाले, "राहू द्या मॅडम. तक्रार मागं घेतो." त्यांनी खाली बसताना डोळे पुसले, हे मी पाहिलंय आणि ते नाकारतील हेही मला माहीत आहे.

अप्पांनी सही केली. सही करताना आडनाव ओळीबाहेर गेलं.

मग अंतिम शर्यत, तीन फेऱ्यांची. अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "दिलीप, तूच सांग. मी बघत न्हाई. मी बोलून बसलोय."

पहिली फेरी उमाची. दुसरीत दोन्ही गाड्या एकदमच खाली आल्या, उमाची खालच्या लाकडावर जोरात आदळली, आणि मॅडमनी लाल गाडीकडं हात केला. एक-एक. मग तिसरी फेरी. गाड्या सुटल्या. अर्ध्यापर्यंत उमाची पुढं. मग तिनं एक बारीक झोकांडी खाल्ली, मधल्या पट्टीला घासली, आणि लाल गाडी वीतभर आधी पोचली.

मी अप्पांना सांगितलं नाही. टाळ्या कुठल्या बाजूनं वाजल्या, ते त्यांना कळलं.

"म्हणलं न्हवतं?" ते भिंतीलाच म्हणाले. "माझ्या तोंडानं घात केला."

उमा गाडी घेऊन आली. चेहरा कोरा. "पप्पा, इकडं बघा. स्पोक वाकलीय. मघाशी आदळली तवाच वाकली."

"स्पोक वाकायला निमित्त लागतंय. मी बोललो म्हणून वाकली."

"आन् सकाळी दोन फेऱ्या जिंकले, त्या तुमी भंगार म्हणत होता म्हणून?"

"व्हय," अप्पा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

उमाचा आवाज फुटला. "मग बापूसाहेब काय खोटं बोलत होते? तुमच्या शिव्यांनीच जिंकत असंल, तर गाडी तुमीच केली. मी काय केलं मग?"

अप्पांनी खोकं घ्यायला हात पुढं केला. उमा खोकं काखेत मारून पुढं चालायला लागली.

परतीला काळीपिवळी जीप मिळाली. बारा माणसं कोंबलेली. मी ड्रायव्हरच्या मागं, अप्पा माझ्या समोर, उमा खिडकीशी. ती बापाकडं बघत नव्हती. शहर मागं पडलं. अप्पांच्या शेजारी बाजार करून निघालेली एक म्हातारी बसली होती. तिनं खोक्याकडं बोट केलं.

"काय हाय वो ह्याच्यात? पिल्लू-बिल्लू हाय का?"

मला वाटलं, आता येणार. भंगार, ठोकळा, रद्दी. उमालाही वाटलं असावं, कारण खिडकीबाहेर बघतानाच तिनं खांदे आवळले.

अप्पांनी समोरचा दांडा धरला. एकदा उमाकडं पाहिलं.

"गाडी हाय, आजी," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं केली. सगळी एकटीनं." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं झाकण उघडलं.

म्हातारीनं गाडी उचलली, चाक फिरवलं. "अगं बया, काय गुळगुळीत केलीय!" तिनं ती पुढं दिली. मग ती गाडी जीपभर फिरली. एकानं वजन बघितलं, एकानं कानाशी धरून चाकाचा आवाज ऐकला, ड्रायव्हरनंही मान वळवून "लई भारी बे!" म्हटलं. कुणी म्हणालं इंजिनिअर होणार पोरगी, कुणी म्हणालं हात तर बघा. उमा आता खिडकीबाहेर बघत नव्हती. ती कुणाला आस दाखवत होती, कुणाला पूड समजावत होती.

आणि अप्पा? अप्पा डोळे घट्ट मिटून बसले होते. दांड्यावरची बोटं पांढरी पडलेली, आणि प्रत्येक "वा"बरोबर कुणीतरी पाठीत गुद्दा घातल्यासारखं ते दचकत होते. पण घाटनांदूर येईपर्यंत त्यांनी एकालाही गप्प केलं नाही.